हात घालण्याआधी थांबणे

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याने डिझेल इंजिनावर का बोलावं, असं आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. प्रश्न रास्त आहे. ही मालिका सवयींच्या इतिहासाची आहे, आणि चांगली सवयच माणसाचा जीव कसा घेऊ शकते याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हाला सापडलं नाही. शिवाय आमचे थोरले बंधू जहाजावर इंजिनियर होते. त्यांच्याकडून ऐकलेलं थोडं यात येईल.

आधी ती सवय समजून घेऊ. मोठं डिझेल इंजिन उघडून पुन्हा बांधलं, म्हणजे नवे लायनर, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं घातली, की ते लगेच कामाला जुंपत नाहीत. थोडा वेळ चालवायचं, थांबवायचं, क्रँककेसची दारं उघडायची आणि आत हात घालून प्रत्येक बेअरिंग चाचपायचं. एखादं शेजारच्यापेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथे काहीतरी बिनसलं आहे. मग पुन्हा जरा जास्त वेळ चालवायचं, पुन्हा चाचपायचं. नवे भाग एकमेकांवर बसेपर्यंत धोका अधिक असतो, म्हणून हे सारं. हात लवकर घालावा लागे, नाहीतर उष्णता पसरून फरक कळेनासा होई. जुन्या इंजिनियरांची कीर्ती या हातावर असायची. वैद्याला नाडी, तसा यांना हा हात.

आता ११ सप्टेंबर १९४७. ‘रेइना देल पासिफिको’ हे लिव्हरपूलहून दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाणारं प्रवासी जहाज. (ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड १९३७ साली याच जहाजावर वारले.) चार इंजिनं, चार पंखे. युद्धात त्याने सैनिक वाहिले. युद्ध संपल्यावर बेलफास्टच्या ज्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ते बांधलं गेलं, तिथेच त्याची डागडुजी झाली, आणि ते चाचणीसाठी समुद्रावर निघालं. चाचणी असल्यामुळे इंजिनघरात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. जहाजाचे इंजिनियर होते, गोदीचे फिटरही होते. बेलफास्टकडे परतताना डावीकडच्या बाहेरच्या इंजिनातला एक पिस्टन फार तापला. क्रँककेसमध्ये स्फोट झाला आणि तो एका इंजिनापुरता राहिला नाही. २८ माणसं गेली.

तोवर भीती असायची ती सिलिंडरची. ते स्वाभाविकही होतं, कारण १८९३ साली आउग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलच्या पहिल्या इंजिनात इंधन पेटलं तेव्हा दाब मोजायचं उपकरणच फुटलं होतं. क्रँककेस मात्र घरातल्या तळघरासारखी समजली जाई. तिथे तेल असतं, आग नसते.

प्रत्यक्षात घडतं ते असं. एखादा भाग बेसुमार तापला की त्यावर उडणाऱ्या वंगणाच्या तेलाची वाफ होते. ती वाफ जरा थंड जागी गेली की तिचं पांढरं, अतिशय बारीक धुकं बनतं. हे धुकं पुरेसं दाट झालं आणि तोच तापलेला भाग त्याला भिडला, की ते पेटतं. पहिला भडका कधी लहानसाही असतो, पण तो दारं उडवतो. मग आत दाब कमी होतो, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेल्या धुक्याला हवं ते मिळतं. दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा फार मोठा होऊ शकतो.

इथे त्या जुन्या हाताची गोष्ट पुन्हा येते. तापलेल्या इंजिनाचं दार घाईने उघडणं म्हणजे धुक्याला आपणच हवा देणं. ज्या चपळाईसाठी इंजिनियरचं कौतुक व्हायचं, तीच चपळाई इथे घातक. आळशी माणूस यातून वाचला असता. मरायचा तो कामाचा माणूस. आम्हाला हे फार अस्वस्थ करतं. सद्गुण सवयीने येतो असं आम्ही ॲरिस्टॉटलच्या आधाराने वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. पण कोणत्या परिस्थितीत बांधलेली सवय, हे विचारायला आम्ही विसरलो.

बेलफास्टच्या चौकशीनंतर क्रँककेसच्या स्फोटाचा पद्धतशीर अभ्यास झाला. आज २०० मिलिमीटरपेक्षा मोठ्या सिलिंडरच्या जहाजी इंजिनांना क्रँककेसवर रिलीफ व्हॉल्व्ह सक्तीचे आहेत. दाब वाढला की झडप उघडते आणि स्प्रिंगमुळे तत्क्षणी मिटते, म्हणजे हवा परत आत जात नाही. ज्वाळा अडवायला जाळीही असते. मोठ्या इंजिनांवर तेलाचं धुकं ओळखणारा डिटेक्टर असतो. हे झालं यंत्राचं. माणसाला नियम एकच: इंजिन थांबवा, दारांसमोरून दूर व्हा आणि ते निवेपर्यंत दार उघडू नका. तोवर वंगणाचा पंप चालू ठेवायचा. उघडल्यावरही जवळ उघडा दिवा किंवा विडी नको.

बंधूंनी हे थांबणं एकदा अनुभवलं. बंदरातच, एक पिस्टन नवा बसवल्यावर चाचणी चालू होती. क्रँककेसच्या एका दाराला हात लावला तर चटका बसला. सेकंड इंजिनियरने इंजिन बंद केलं, सगळ्यांना वरच्या मजल्यावर पिटाळलं आणि स्वतः हातात घड्याळ धरून बसला. बंधू तेव्हा तरुण. ‘साहेब, आत्ता बघितलं नाही तर कुठलं बेअरिंग ते कळणार कसं?’ असं ते म्हणाले. साहेब म्हणाले, ‘नाही कळलं तर सगळी काढू.’

अर्धा तास झाला. मग दार उघडलं. ज्या बेअरिंगचा संशय होता त्याचा धातू वितळून खाली ओघळला होता. ते शोधायला हात लावायची गरजच पडली नाही.