गोदेचें उन्हाळी पात्र

एकनाथमहाराजांच्या चरित्रांतील एक कथा सर्वश्रुत आहे. ऐन दुपारीं पैठणच्या वाळवंटांत, अस्पृश्य मानलेल्या एका घरचें मूल पोळत्या वाळूंत रडत होतें; आई पाणी आणावयास पुढें गेली होती. नाथांनीं तें कडेवर घेऊन घरीं पोंचविलें. कथेंतील समतेची शिकवण पुष्कळांनीं उकलून दाखविली आहे. आमचें लक्ष मात्र त्या वाळूकडे जातें. ही कथा लेखनिविष्ट झाली ती नाथांच्या पश्चात्, हें खरें. तथापि उन्हाळ्यांत गोदेचें रुंद पात्र उघडें पडणें, पाण्याची धार गांवापासून दूर सरकणें, हें सांगणारांस व ऐकणारांस नित्याचें होतें, एवढें तीवरून खास ठरतें.

उलटपक्षीं, नाथांनीं १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस याच नदींत जलसमाधि घेतली, अशी परंपरा आहे. म्हणजे होळीच्या सुमारास प्रवाहास खोली होती. नदी आटे ती पुढें, हळूहळू. आणि कांठचें सारें उन्हाळी जीवन या हळूहळू आटण्यावरच बेतलेलें असे.

वरच्या काळ्या रानांत शाळू निघाला कीं जमिनीस भेगा पडत, आणि शेतीला तेथें काम उरत नसे. तें काम मग नदींत उतरे. वाळूंत चर खणून तळच्या ओलीपर्यंत जावयाचें, शेणखत घालून खरबूज, टरबूज, काकडी यांचें बीं टोंचावयाचें. वेल तापल्या वाळूवर पसरे व मुळें खालच्या ओलाव्यावर जगत. रात्रीं राखणीस पात्रांतच खोपटें. वळवाचा मोठा पाऊस अवेळीं आला, तर वाडी एका रात्रींत वाहून जाई. पिण्याचें पाणीहि वाळूंतूनच, झिरे खणून, वाटीवाटीनें भरावें लागे. हें सुखाचें जिणें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. झिऱ्यावर कोणीं आधीं भरावें, येथेंहि जातीची उतरंड होतीच.

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर, पैठण येथें जायकवाडी धरणाचा पाया १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं तें राष्ट्रास अर्पण केलें. डावा कालवा २०८ व उजवा १३२ किलोमीटरांचा. शहराची तहानहि याच नाथसागरावर भागते. कांठचीं कितीएक गांवें व शेतें मात्र पाण्याखालीं गेलीं. उन्हाळा आतां नदीऐवजीं जलाशयाच्या कडेला दिसतो. पाणी मागें सरलें कीं गाळाची ओली जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. धरणग्रस्तांपैकीं कित्येकजण तींत पेरणी करतात, आणि पाणी पुन्हां चढेपर्यंत पीक हातीं यावें म्हणून घाई करतात.

फरक असा, कीं पूर्वीची ओहोटी ऋतूच्या स्वाधीन होती. आतांची पुष्कळशी निर्णयाच्या स्वाधीन आहे. वर नाशिक-अहिल्यानगरकडील धरणांत पाणी किती अडवावें आणि खालीं किती सोडावें, यावरून तंटे झाले. २००५ च्या कायद्यानें स्थापिलेल्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणास २०१४ सालीं त्याविषयीं आदेश द्यावा लागला. २०१६ च्या उन्हाळ्यांत नाथसागर मृतसाठ्यापर्यंत उतरला होता.

नाथषष्ठीस आजहि दिंड्या पैठणला येतात. ज्या तिथीस नाथांनीं जलसमाधि घेतली, त्याच तिथीस वारकऱ्यांच्या स्नानासाठीं धरणांतून गोदेंत पाणी सोडावें लागतें.