घरातील कार्यालय

घरातील कार्यालय म्हणजे राहत्या घराचा लेखन, हिशेब, सल्लामसलत किंवा संगणकावरील काम अशा उपजीविकेच्या कामासाठी राखून ठेवलेला भाग होय. ती स्वतंत्र खोली असू शकते, तसाच सोप्यातील किंवा माडीवरील एखादा कोपराही असू शकतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर 'वर्क फ्रॉम होम' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला आणि या विषयाला नवे महत्त्व आले. प्रस्तुत लेखात या जागेची रचना व तिच्याशी संबंधित प्रश्न प्रामुख्याने कोल्हापूर परिसराच्या संदर्भात दिले आहेत.

इतिहास

घर आणि कचेरी यांची फारकत महाराष्ट्रात तुलनेने अलीकडची आहे. जुन्या वाड्यांत सदर हा दर्शनी भाग कामकाजासाठी असे, तर माजघर व स्वयंपाकघर आतल्या बाजूस असत. सदरेवर गादी व तक्के मांडलेले असत आणि लिहिण्यासाठी उतरत्या फळीचे बैठे डेस्क वापरले जाई. वकील, वैद्य व सावकार यांचा व्यवसाय अनेकदा घरातूनच चाले.

गावकुलकर्ण्याचे दप्तरही त्याच्या घरी असे. जमिनीच्या नोंदी वतनदाराच्या ताब्यात राहत असल्याने रयतेला आपल्याच शेताविषयीच्या कागदांसाठी त्याच्यावर अवलंबून राहावे लागे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून त्या जागी पगारी तलाठी नेमले. घरात ठेवलेल्या दप्तराशी लोकांचे हक्क कसे जोडलेले असतात, हे या घटनेतून दिसते.

लेखकांची अभ्यासिका हा घरातील कार्यालयाचाच एक प्रकार होय. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरास आले आणि पुढे त्यांचे वास्तव्य येथेच राहिले. त्यांची दृष्टी अधू होती व उत्तरायुष्यात ते लेखनिकास मजकूर सांगत. अशा कामाला दोन माणसांना पुरेल इतकी जागा आणि निवांत वेळ दोन्ही लागतात. त्यांच्या 'ययाति' या कादंबरीस १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांचे स्मृतिसंग्रहालय शिवाजी विद्यापीठात आहे.

दूरसंचाराच्या साहाय्याने घरून नोकरी करण्याची कल्पना अमेरिकेतील जॅक नाइल्स यांनी १९७३ च्या सुमारास मांडली. भारतात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली, तेव्हा पुणे, मुंबई व बंगळूर येथे नोकरी करणारे अनेक तरुण आपापल्या गावी परतले आणि घरातूनच काम करू लागले. त्यामुळे कार्यालयाचा विचार करून न बांधलेल्या घरांत अचानक कार्यालये उभी राहिली.

जागेची निवड

कामाची जागा शक्यतो दररोज एकच असावी. दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र खोली मिळत नाही. अशा वेळी भिंतीकडे तोंड करून ठेवलेले टेबल, पडदा किंवा पुस्तकांचे कपाट एवढ्यानेही मर्यादा आखता येते. पलंगावर बसून काम करणे टाळावे. त्यात पाठीला आधार मिळत नाही आणि झोपेची व कामाची जागा एकच झाल्याने विश्रांतीही नीट होत नाही. ज्यांच्याकडे ग्राहक किंवा अशील येतात त्यांना दर्शनी खोली सोयीची पडते. जुन्या वाड्यातील सदरेमागचा विचार हाच होता.

बैठक

खुर्चीची उंची अशी असावी, की पावले जमिनीवर सपाट टेकतील आणि गुडघे साधारण काटकोनात राहतील. टेबलाची उंची बहुधा ७२ ते ७५ सेंटिमीटर असते. ती बसणाऱ्यास जास्त वाटल्यास खुर्चीवर उशी व पायाखाली पाट ठेवता येतो. टंकलेखन करताना कोपर शरीराजवळ व मनगट सरळ असावे. पडदा हातभर अंतरावर, म्हणजे सुमारे ५० ते ७० सेंटिमीटरवर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित खाली असावी.

लॅपटॉपमध्ये पडदा व कळफलक जोडलेले असल्याने या दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. पडदा योग्य उंचीवर आणावा तर हात उचलावे लागतात आणि हात खाली ठेवावे तर मान वाकते. जाड पुस्तकांच्या चवडीवर लॅपटॉप ठेवून वेगळा कळफलक जोडणे हा स्वस्त उपाय आहे. भारतीय बैठकीत काम करणाऱ्यांनी मांडीवर यंत्र न घेता बैठे डेस्क वापरावे व पाठ भिंतीस टेकवावी. कोणतीही बैठक तासन् तास न बदलता राहिली तर त्रासदायक ठरते. म्हणून मधून मधून उठून चालणे आवश्यक असते.

प्रकाश आणि हवा

वाचन-लेखनासाठी साधारणपणे ३०० ते ५०० लक्स प्रकाश पुरेसा मानला जातो. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नसावी, बाजूस असावी. त्यामुळे काचेवर चकाकी येत नाही. उत्तरेकडील खिडकीतून वर्षातील बहुतेक काळ सौम्य व एकसारखा उजेड मिळतो. कोल्हापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या पूर्वार्धापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो. तेव्हा पातळ पडदा उपयोगी पडतो. डोळ्यांवरील ताण कमी करण्यासाठी दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असे सुचवले जाते.

पावसाळा, वीज आणि पूर

सह्याद्रीच्या सान्निध्यामुळे कोल्हापुरात पावसाळ्यात हवा दमट असते. पश्चिमेकडील भिंतींना ओल येते व कागदांना बुरशी धरते. त्यामुळे कपाट भिंतीपासून थोडे पुढे ठेवावे आणि कागदपत्रे बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावीत. वीज गेल्यास इन्व्हर्टर दिवे व पंखे चालवतो. संगणक अचानक बंद पडू नये म्हणून स्वतंत्र यूपीएस लागतो. जुन्या घरांत यंत्रे जोडण्यापूर्वी अर्थिंग तपासून घेणे सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत पाणी धोका पातळीच्या बरेच वर गेले. सखल भागातील अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. कार्यालय घरातच असेल, तर अशा वेळी निवारा आणि उपजीविकेचे साधन ही दोन्ही एकाच वेळी धोक्यात येतात. म्हणून नदीकाठच्या वस्तीत यंत्रे व दप्तर वरच्या मजल्यावर ठेवणे, विजेचे सॉकेट उंचावर बसवणे आणि कामाची प्रत गावाबाहेरील साठवणीत ठेवणे शहाणपणाचे ठरते.

कुटुंब आणि वेळ

नोकरीच्या वेळा घरातील सर्वांस ठाऊक असल्या तर व्यत्यय कमी होतात. घरून काम करणाऱ्या स्त्रियांपुढील प्रश्न अधिक बिकट असतो. त्या घरातच असल्याने स्वयंपाक, मुलांचा अभ्यास व पाहुण्यांची सरबराई त्यांनीच करावी, अशी अपेक्षा असते आणि जागावाटपातही त्यांच्या वाट्यास बहुधा स्वयंपाकघरातील ओटा किंवा जेवणाचे टेबल येते. घरातील कामांची वाटणी झाल्यावाचून केवळ टेबल-खुर्चीने हा प्रश्न सुटत नाही.

निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी चीनमधील एका प्रवास कंपनीत नऊ महिने केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. मात्र सहभागासाठी घरात कामाची खोली असण्याची अट होती. प्रयोग संपल्यावर निवड दिली असता सुमारे निम्मे कर्मचारी कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

कायदेशीर बाजू

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला; भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या भारतीय कायद्यात 'कामाचे ठिकाण' या संज्ञेच्या व्याख्येत राहत्या घराचाही समावेश आहे.