सपर क्लब आणि तापीकाठची भरीत पार्टी

सपर क्लब म्हणजे हॉटेल नसलेल्या, बहुधा खासगी जागेत, ठरल्या दिवशी, ठरलेल्याच पदार्थांचं होणारं सामुदायिक जेवण. त्याला बोलावणं लागतं, नाहीतर आधी नाव नोंदवावं लागतं. शब्दाचा हा अर्थ मात्र अलीकडचा आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात आणि त्यानंतर गावाबाहेरच्या रस्त्यांवर या नावाची जेवणघरं वाढली. विस्कॉन्सिन राज्यात ती अजून चालतात: शुक्रवारी तळलेले मासे, सोबत ब्रँडी घातलेलं कॉकटेल, आणि घाई अजिबात नाही. तिथे क्लब फक्त पाटीवर असतो, दार सगळ्यांना उघडं. पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस लंडनमधले हौशी स्वयंपाकी स्वतःच्याच घरी अनोळखी पाहुण्यांना पैसे घेऊन जेवू घालू लागले आणि हे नाव त्यांच्याकडे आलं. मुंबई-पुण्यात आज सपर क्लब म्हणतात तो या दुसऱ्या अर्थाने.

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनारच्या बाजूला हे नाव कानावर पडत नाही. पण जेवणासाठी जमायचं, जागा कुणाची तरी खासगी, पदार्थ आधीच ठरलेला, खर्च वाटून घ्यायचा, हा सगळा प्रकार या मुलखाला चांगला ठाऊक आहे. रावेर, यावल, मुक्ताईनगरपासून बऱ्हाणपूरपर्यंतच्या तापी खोऱ्यात थंडी पडली की भरीत पार्ट्या सुरू होतात. खकनार तालुका या पट्ट्याच्या पूर्व टोकाला येतो. पलीकडे अमरावती जिल्ह्यातली धारणी आणि मेळघाट, दक्षिणेला जळगाव जामोद. इथे बाजाराच्या दिवशी मराठी, निमाडी आणि कोरकू अशा तिन्ही बोली ऐकू येतात.

महाराष्ट्र-मध्य प्रदेशाची सरहद्द इथे उशिरा आली. फारुकी सुलतानांच्या काळात बऱ्हाणपूर ही खानदेशची राजधानी होती, मोगलांच्या खानदेश सुभ्याचं ठाणंही तिथेच. १८६० मध्ये शिंद्यांकडून ते इंग्रजांकडे गेलं आणि निमाड जिल्ह्यात आलं. जळगाव-भुसावळचा भाग मुंबई इलाख्यात राहिला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर ही वाटणी कायम झाली. सोयरिकी आणि भाजीपाला इंदूर–इच्छापूर रस्त्याने दोन्हीकडे चालूच राहिले. जेवणाच्या रीती राज्य बदललं म्हणून बदलल्या नाहीत.

भरताचा हंगाम धर्माने आणि शेतीने मिळून ठरवला आहे. चातुर्मासात वांगं न खाण्याची रीत बऱ्याच घरांत पाळतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा ताटात येतं. नेमकी तेव्हाच भरताची वांगी शेतात भरात असतात. ही वांगी मोठी, हिरवट-पांढरी, पातळ सालीची आणि कमी बियांची. यावल तालुक्यातल्या बामणोदची आणि जळगावजवळच्या आसोद्याची विशेष नावाजलेली. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

जाळायला शेतातलीच कपाशी. वेचणी संपलेल्या पऱ्हाटीच्या काड्या नाहीतर तुरीच्या तुराट्या रचून त्यावर वांगी ठेवतात. फुटू नयेत म्हणून आधी टोचून तेलाचा हात लावलेला असतो. हा जाळ भसकन पेटतो आणि लवकर निवतो, त्यामुळे वांगी सतत फिरवावी लागतात. साल काळी पडून गर लिबलिबीत झाला की सोलतात, देठ धरून झटकतात आणि बडजी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात. खरी चव या ठेचण्यात आहे. मिक्सरमधून काढलेला गर चिकट होतो, ठेचलेल्याला रेषा राहते. मग तेलात हिरवी मिरची-लसणाचा ठेचा, शेंगदाणे आणि भरपूर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, किंवा पुऱ्या. ताट बहुधा केळीच्या पानाचं, कारण केळी या पट्ट्यात रानोमाळ आहे.

ही पार्टी फार पुरातन मानायची सवय आहे, ती तपासून घ्यावी. वांगं इथलंच आणि जुनं. विस्तवात वांगं भाजणंही जुनं असणार. पण मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळानंतर आले, म्हणजे आजच्या चवीचं भरीत काही शतकांपलीकडे जात नाही. पऱ्हाटीचे ढीगही तसेच. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडात कपाशीचा पेरा झपाट्याने वाढला. त्याच दशकात भुसावळहून बऱ्हाणपूरमार्गे खांडव्याकडे रेल्वे गेली. १९०६ मध्ये बऱ्हाणपुरात ताप्ती मिल उभी राहिली. ‘पार्टी’ हे नाव तर इंग्रजीच. जुनी आहे ती तिच्यामागची पंगत: यावलजवळ अट्रावलच्या मुंजोबाला माघात नवस फेडताना घातली जाते तशी वरण-बट्टीची.

पंगत आणि पार्टी यांत फरक आहे. पंगत नवसाची किंवा लग्नाची, घालणारा एक, जेवणारं गाव. कोण कुणाच्या पंगतीला बसणार हे जात ठरवायची. भरीत पार्टीला देवाचं निमित्त लागत नाही. मळा एकाचा, वांगी दुसऱ्याची, तेल-पीठ वर्गणीतून. घरी चुलीपुढे न जाणारे पुरुष इथे ठेचायला हौसेने बसतात, भाकऱ्या मात्र पुष्कळदा घरच्या बायकाच थापून देतात. पैसे पाहुण्याकडून नाही, सोबत्यांमध्ये वाटून. लंडनच्या सपर क्लबपासून ती वेगळी पडते ती इथेच.

अलीकडे तो फरकही पुसट होतो आहे. जळगावात तयार भरीत किलोवर विकणारी दुकानं आहेत, शेतावर माणशी दर लावून भरीत-पुरी वाढणारे आहेत. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले खानदेशी लोक गावाकडून वांगी मागवून गच्चीवर किंवा सभागृहात एकत्र जमतात. २०१८ च्या डिसेंबरात जळगावच्या सागर पार्कवर शेफ विष्णू मनोहर यांनी प्रचंड कढईत विक्रमी भरीत केलं. ते खाण्यापेक्षा पाहण्याचं होतं. तापीकाठच्या मळ्यांत मात्र रीत अजून साधीच आहे: वर्गणी जमली, वांगी आली की त्याच संध्याकाळी जाळ पेटतो.