गुन्हेगार कोण?

लहानपणी घरातच अत्याचार सोसलेल्या नायिकांच्या थरारक कादंबऱ्या हल्ली हातोहात खपतात. शेवटी कळतं, खरा गुन्हेगार घरातलाच! अशी कादंबरी मिटली, की मला आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात बाळाच्या खुनाबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात काळं पाणी झालं. त्या निमित्ताने बायकांच्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं. ताराबाई भडकल्या. १८८२ च्या 'स्त्रीपुरुष तुलना'त त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात सरळ पुरुषांनाच उभं केलं.

आणि त्या काळचा कायदा? १८९१ पर्यंत मुलीचं संमतीवय १० वर्षं, नंतर १२. आज ज्याला आपण बालशोषण म्हणतो, त्याला तेव्हा संसार म्हणत.

 हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. बालपणीच लग्न, मग वैधव्य, मग सासरच्यांनी जबरदस्तीने केलेलं केशवपन. रहस्य काहीच नाही, तरी छाती दडपते. (मला तरी कुठल्याही थ्रिलरपेक्षा जास्त!)

हरिभाऊ घरोघरी वाचले गेले. ताराबाईंचं पुस्तक मात्र विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, १९७५ मध्ये.