नोंदवही आणि बाजार : भारतातील व्यापारचिन्हांच्या पडताळणीचा इतिहास

आपल्या मालाला द्यावयाचे नाव आधीच दुसऱ्या कोणाचे तर नाही ना, हे तपासून पाहण्याची वैधानिक सोय भारतात फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये १८७५ च्या कायद्यानुसार व्यापारचिन्हांची नोंदवही सुरू झाली आणि १ जानेवारी १८७६ रोजी बास या मद्यनिर्मात्यांचा लाल त्रिकोण तीत पहिल्या क्रमांकाने नोंदला गेला. हिंदुस्थानाला अशा नोंदवहीसाठी १९४० च्या अधिनियमाची, म्हणजे प्रत्यक्षात १ जून १९४२ पर्यंत, वाट पाहावी लागली.

मधल्या काळात कायदा अगदीच मूक होता असे नाही. १८६० च्या दंड संहितेत खोटे व्यापारचिन्ह वापरण्यास शिक्षा होती आणि १८८९ मध्ये व्यापारी मालावरील चिन्हांसंबंधी स्वतंत्र अधिनियम झाला. परंतु या तरतुदी नक्कल झाल्यानंतर उपयोगी पडणाऱ्या होत्या. म्हणून सावध व्यापारी आपल्या चिन्हाच्या मालकीचे घोषणापत्र दस्तनोंदणी कार्यालयात नोंदवीत आणि वृत्तपत्रांतून जाहीर सूचना देत. त्यातून पुरावा निर्माण होई. हक्क मात्र वापरातूनच सिद्ध करावा लागे. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवता, हत्ती, वाघ यांची रंगीत लेबले चिकटवलेली असत. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक त्या चित्रावरूनच माल ओळखे. ‘अमुक छाप’ हा मराठीतला प्रयोग याच व्यवहाराची खूण होय. नाव वाचले जात नव्हते, ते पाहिले आणि ऐकले जात होते. पुढील न्यायनिर्णय समजून घेण्यासाठी ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

नोंदवही आल्यावर पडताळणीचा प्रश्न सुटला, असा समज सहज होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच त्याला छेद दिला. ‘ग्लुकोव्हिटा’ हे ग्लुकोजचे चिन्ह आधीच नोंदलेले असताना शांग्रिला फूड प्रॉडक्ट्स या उत्पादकाने बिस्किटांसाठी ‘ग्लुविटा’ नोंदवण्याचा अर्ज केला. यासारखी आणखीही नावे नोंदवहीत असल्यामुळे या शब्दखंडांवर कोणा एकाचा हक्क नाही, असा अर्जदाराचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो अमान्य केला. नाव नोंदवहीत असणे म्हणजे ते बाजारात वापरात असणे नव्हे. तसा वापर होतो हे दावा करणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. दोन नावे शेजारी ठेवून त्यांतील अक्षरे ताडून पाहणेही न्यायालयास मान्य नव्हते. सामान्य बुद्धीच्या, अपुऱ्या स्मरणाच्या ग्राहकाचा गोंधळ होईल काय, ही कसोटी लावून, तसेच ग्लुकोज व बिस्किटे यांचा व्यापारसंबंध विचारात घेऊन ‘ग्लुविटा’ची नोंदणी नाकारण्यात आली. माल वेगळा आहे म्हणून नाव मोकळे आहे, असे गृहीत धरणाऱ्या उद्योजकाने हा निर्णय मुळातून वाचावा.

१९६९ चा तपकिरीचा खटला याहून बोलका आहे. ‘श्री अंबाल’ हे नाव प्रचारात असताना मद्रासकडील दुसऱ्या विक्रेत्याने ‘श्री अंडाल’ हे नाव नोंदवू पाहिले. अंबाल म्हणजे पार्वती आणि अंडाल ही वैष्णवांची संतकवयित्री. अर्थाच्या दृष्टीने दोघींत अंतर आहे, यात शंका नाही. पण तमिळ न जाणणाऱ्या किंवा हिंदू नसलेल्या ग्राहकाला हा भेद कळेलच असे नाही, त्याच्या कानावर मात्र जवळजवळ एकच ध्वनी पडतो, असे मानून न्यायालयाने नोंदणी नाकारली.

१९९९ चा अधिनियम १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आला आणि सेवांसाठीही चिन्हे नोंदवता येऊ लागली. तथापि, आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क कलम ३४ ने कायम राखला. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ प्रकरणात त्याचा कस लागला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात हलवा विकणाऱ्या या दुकानाला लोकांनीच ‘अंधारे दुकान’ म्हटले. त्याच नावाला गावाचे नाव जोडून दुसऱ्या विक्रेत्याने नोंदणी मिळवली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीपेक्षा पूर्ववापराचा हक्क श्रेष्ठ ठरवून जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला. नोंदणीचे प्रमाणपत्र हाती असूनही पराभव होऊ शकतो, हे यातून स्पष्ट झाले.

आज नोंदणी कार्यालयाची सूची संगणकावर विनामूल्य पाहता येते; त्यात शब्दाबरोबर उच्चारसाम्यानेही शोध घेण्याची सोय आहे. २०१७ च्या नियमांनी व्यक्ती, नवउद्यम व लघुउद्योग यांच्यासाठी संगणकीय अर्जाचे शुल्क प्रतिवर्ग ४५०० रुपये, म्हणजे इतरांच्या निम्मे ठेवले. परंतु मराठी नावाच्या मसाल्याला किंवा पापडाला वेगळीच अडचण भेडसावते. हिंदी वा इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील शब्द असल्यास त्याचे लिप्यंतर व भाषांतर अर्जात द्यावे लागते. रोमन लिपीत तर ‘वाडा’सारखा एकच शब्द दोन-तीन प्रकारे लिहिला जातो. एका वर्णलेखनाने शोध घेऊन ‘नाव उपलब्ध’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते. लेबलांचे ठसे बनवून, माल दुकानांत पोहोचवून वर्ष-दोन वर्षे झाल्यावर मनाई हुकूम आला, तर लहान उत्पादकाची मिळवलेली ओळखच जाते. शिवाय ज्याने कधी अर्जच केला नाही, अशा शेजारच्या जिल्ह्यातील जुन्या दुकानाचे नाव कोणत्याही सूचीत सापडत नाही. त्यासाठी घाऊक बाजारात, जत्रांत आणि किराणा दुकानांच्या फळ्यांवर जाऊनच चौकशी करावी लागते.