व्हेप दुकानातून घ्यायचा की ऑनलाइन मागवायचा? मोहोळच्या गिऱ्हाइकासाठी कायद्याचं उत्तर काय आहे

दुकानातून घेऊ की ऑनलाइन मागवू? मोबाइलचं कव्हर असो, बूट असो नाहीतर मिक्सर, मोहोळसारख्या तालुक्याच्या गावात आता प्रत्येक खरेदीआधी हा प्रश्न पडतोच. दुकानदार ओळखीचा असतो, वस्तू बिघडली तर त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवता येते. ऑनलाइन दोन पैसे स्वस्त पडतं आणि निवड भरपूर असते. इन्स्टाग्रामवर रील बघून व्हेपबद्दल कुतूहल वाटलेली पोरंही हेच गणित मांडतात.

पण या गणिताची पहिलीच पायरी चुकलेली आहे. भारतात व्हेप विकण्याचा एकही कायदेशीर मार्ग नाही. मोहोळच्या टपरीवर नाही, सोलापूरच्या दुकानात नाही, पुण्याच्या मॉलमध्ये नाही आणि कुठल्याही वेबसाइटवर नाही. त्यामुळे "कुठून घेतलेलं बरं" या प्रश्नात चांगल्या पर्यायाची निवड शिल्लकच राहत नाही. दोन्हीकडे अडकायला नेमकं कसं होतं, एवढंच बघायचं उरतं.

व्हेप कशाला म्हणायचं?

बॅटरी, एक छोटी गरम होणारी तार आणि त्यात भिजणारं द्रव, असं हे साधं यंत्र. द्रवात बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास-चवीची रसायनं आणि निकोटिन असतं. तार तापली की द्रवाचे बारीक थेंब हवेत तयार होतात आणि ते ओढले जातात. लोक त्याला वाफ म्हणतात, पण ती पाण्याची वाफ नव्हे. आजच्या प्रकारचं हे उपकरण चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केलं.

कायद्यातली व्याख्या मात्र याहून बरीच रुंद आहे. निकोटिन असो वा नसो, स्वाद असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी फवारा तयार करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे ई-सिगारेट. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणंही त्यातच आली. सूट फक्त औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना मिळालेल्या उत्पादनांना आहे. म्हणून "आमचं हर्बल आहे", "यात निकोटिन झिरो आहे, हे चालतं" असं कोणी सांगत असेल, तर तो एकतर कायदा न वाचता बोलतोय किंवा वाचून खोटं बोलतोय.

बंदी कधी आली?

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदीचा निर्णय घेतला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तो पत्रकार परिषदेत जाहीर केला आणि अध्यादेश निघाला. त्याआधी, त्याच वर्षी मे महिन्यात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. पुढे लोकसभेने २७ नोव्हेंबरला आणि राज्यसभेने २ डिसेंबरला विधेयक मंजूर केलं. डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला.

म्हणजे हा कायदा काही नवा नाही. तरी कित्येक जणांना व्हेप फक्त अठरा वर्षांखालच्यांना बंद आहे असं वाटतं. तो नियम सिगारेट-तंबाखूचा आहे. व्हेपला वयाची अटच नाही, कारण तो कोणालाच विकता येत नाही.

कोणाला किती शिक्षा?

उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात या सगळ्याला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे. साठा करण्यासाठी जाणूनबुजून जागा वापरू दिली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झडती आणि जप्तीचा अधिकार पोलिस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे. ज्याला आपल्याकडे अजूनही फौजदार म्हणतात, तोच.

यातले दोन शब्द सोशल मीडिया वापरणाऱ्यांनी थांबून वाचावेत. पहिला, जाहिरात. कायदा फक्त कंपनीच्या जाहिरातीबद्दल बोलत नाही. ई-सिगारेटच्या वापराला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष उत्तेजन देणाऱ्या जाहिरातीत भाग घेणंही त्यात येतं. एखाद्या पोराने "भाऊकडे नवा फ्लेवर आलाय, डीएम करा" म्हणून रील टाकलं, तर पैसे मिळाले नसले तरी तो गोत्यात येऊ शकतो.

दुसरा, साठा. पुण्यात शिकणारा मित्र सुट्टीला आला आणि एक खोका "चार दिवस तुझ्या दुकानात ठेव" म्हणाला, तर आत काय आहे हे माहीत असून जागा देणाराही गुन्हेगार ठरतो. खोका आपला नव्हता, हे उत्तर चालत नाही.

आणि ओढणाऱ्याचं काय? कायद्यात नुसतं ओढण्याला वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. वकील मंडळी हे आवर्जून सांगतात आणि ते बरोबर आहे. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची भूमिका अशी आहे की ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात, कितीही संख्येने बाळगणं हे कायद्याचं उल्लंघन आहे. या दोन गोष्टींमधल्या फटीवर भरवसा ठेवून खिशात उपकरण घेऊन फिरायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. नाकाबंदीत गाडी थांबवल्यावर हा वाद घालण्याची हौस कोणाला असेल असं वाटत नाही.

दुकानातून घेतलं तर

ओळखीच्या दुकानदाराची खरी किंमत असते ती बिलात आणि जबाबदारीत. व्हेपच्या बाबतीत दोन्ही नसतात. बेकायदा मालाचं पक्कं बिल कोणी देत नाही. उपकरण दुसऱ्याच दिवशी बंद पडलं तर तक्रार कोणाकडे करणार? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ नुसार ज्या व्यवहाराचा हेतूच बेकायदा आहे, तो करार रद्दबातल असतो. त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाऊन "मला खराब व्हेप विकला" असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

दुकानदाराला स्वतःलाही आपण काय विकतोय ते माहीत नसतं, ही दुसरी अडचण. पाकिटावर छापलेलं निकोटिनचं प्रमाण भारतात कोणीही तपासलेलं नसतं. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटिन. युरोपीय संघात कायदेशीर मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाच टक्क्यांचा माल तिथल्या दुकानातही ठेवता आला नसता. "नवशिक्यासाठी हलका" म्हणून हातात दिलेली वस्तू आत किती जड आहे, हे पाकीट वाचून कळत नाही.

टपरीवाल्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. पानटपरी हा कमी भांडवलाचा धंदा आहे. एका जप्तीत एक लाखाचा दंड म्हणजे अनेकांची वर्षाची कमाई. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि बिडी विकायलाही मनाई आहे. या दोन्हींचं टपऱ्यांवर काय होतं ते सगळ्यांना दिसतं, आणि त्यामुळेच "व्हेपलाही कोण विचारतंय" अशी समजूत होते. पण गुटख्यासारखं व्हेपचं गावोगाव गिऱ्हाईक नाही. तो ठेवणारे मोजकेच असतात, आणि मोजके असलेले लवकर नजरेत येतात.

ऑनलाइन मागवलं तर

इथे धोक्याचा प्रकारच बदलतो. दुकानात निदान वस्तू हातात येते. ऑनलाइन व्यवहारात आधी यूपीआयने पैसे जातात आणि बऱ्याचदा तिथेच गोष्ट संपते. खातं ब्लॉक होतं, चॅनेल गायब होतं. बेकायदा माल मागवणारा गिऱ्हाईक पोलिसांत जाणार नाही, हे फसवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच्या दृष्टीने याहून सोयीचं गिऱ्हाईक नाही.

त्याच्यापुढची पायरी म्हणजे धमकीचा फोन. तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळं तुम्हीच दिलेलं असतं. मग "कस्टममधून बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, केस मिटवायची तर इतके पाठवा" असं कोणी म्हणालं की घाबरलेला माणूस पुन्हा पैसे पाठवतो. खरं कस्टम खातं किंवा खरे पोलिस फोनवर यूपीआयने दंड घेत नाहीत. असे पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. लाजेने दोन दिवस काढले की पैसे पुढच्या खात्यांमध्ये फिरून गेलेले असतात.

परदेशी वेबसाइटवरून मागवण्यात आणखी एक पेच आहे. दुकानातून विकत घेताना विक्रीचा गुन्हा विकणाऱ्याचा असतो. परदेशातून स्वतःच्या पत्त्यावर मागवलं की आयात करणारे तुम्ही ठरता. "एकच आहे, स्वतःसाठी आहे" अशी सवलत कायद्यात नाही.

वेबसाइट चालू आहे, पेमेंट घेतेय, म्हणजे कायदेशीर असणार, असंही समजू नका. मे २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने बंदी काटेकोर राबवण्याबाबत जाहीर सूचना काढली आणि जुलैमध्ये ई-सिगारेट विकणाऱ्या १५ वेबसाइटना विक्री व जाहिरात थांबवण्याच्या नोटिसा दिल्या. एक बंद झाली की दुसऱ्या नावाने उघडते. हा खेळ चालूच आहे.

अमेरिकेत २०१९ मध्ये काय झालं?

माल कुठून आला, याला किती महत्त्व असतं हे त्या वर्षी दिसलं. व्हेप वापरणाऱ्या तरुणांना अचानक दम लागायला लागला, फुप्फुसं निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. तपासात मुख्य संशय व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थावर आला. गांजातला टीएचसी हा घटक असलेल्या द्रवात तो भेसळीसाठी वापरला जात होता. आणि यातला बराचसा माल दुकानातला नव्हता. मित्र, ओळखीचे, डीलर, ऑनलाइन अशा चोरट्या वाटांनी आलेला होता.

जिथे कायदेशीर बाजार होता तिथे ही गत. भारतात तर सगळाच माल चोरट्या वाटेने येतो.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलं तर?

लंडन किंवा सिडनीला असलेला चुलतभाऊ येताना घेऊन येईल, हा विचारही सोडून द्यावा. तिथे कायदेशीर असलेली वस्तू भारतात आणताना आयातच होते आणि विमानतळावर जप्त होऊ शकते. शिवाय तिकडचे नियमही आता पूर्वीसारखे सैल नाहीत. ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून बंद झाली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून व्हेप फक्त औषधाच्या दुकानात मिळतो. सिंगापूर आणि थायलंडमध्ये तर पूर्ण बंदी आहे. फिरायला जाताना खिशात राहिलेलं उपकरण तिथे महागात पडू शकतं.

बिडी चालते, मग व्हेप का नाही?

हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात विचारला जाणारच. शहरात हजारो बायकांचं घर बिडी वळून चालतं. कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. बिडीचा धूर व्हेपपेक्षा सुरक्षित आहे असं कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. मग एक चालतं आणि एक बंद, यात विसंगती आहेच. ती झाकण्यात अर्थ नाही.

सरकारचा युक्तिवाद असा होता की बिडी-सिगारेट आधीच पसरलेली आहे, पण व्हेपची सवय अजून रुजलेली नाही. तेव्हाच अडवली तर नवी पिढी वाचेल. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, ई-सिगारेट वापरणारे मात्र नगण्य होते. विरोधकांचं म्हणणं, बंदीमुळे बाजार फक्त अंधारात गेला आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्याचा एक मार्ग बंद झाला. कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यास-आढाव्यात निकोटिन असलेल्या ई-सिगारेटने सिगारेट सुटायला मदत होते असं दिसलंही आहे. पण ते अभ्यास तपासलेल्या उत्पादनांवर, समुपदेशनासह झालेले आहेत. टपरीवरच्या आंब्याच्या चवीच्या अनोळखी उपकरणाला ते लागू होत नाहीत.

ज्यांच्याकडे आधीच आहे किंवा ज्यांना सोडायचंय

उपकरण घरात पडलेलं असेल तर लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चव गोड असते आणि ते द्रव थोडंसं गिळलं तरी मुलाला निकोटिनची विषबाधा होऊ शकते. तसं झालं तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. उपकरण कचऱ्याच्या ढिगात टाकून पेटवू नका, आतली लिथियमची बॅटरी फुटते. आईवडिलांनी एवढं लक्षात ठेवावं की हल्लीची उपकरणं पेनड्राइव्ह किंवा हायलायटर पेनासारखी दिसतात. धुराचा वास येत नाही, फळांचा येतो.

सिगारेट किंवा व्हेप सोडायचा असेल तर केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. फोन मोफत आहे, पलीकडे समुपदेशक असतो. निकोटिनचे च्युइंगगम आणि पट्ट्या औषधाच्या दुकानात कायदेशीर मिळतात, किती ताकदीचं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि कुठे विक्री चाललेली दिसली, विशेषतः शाळा-कॉलेजजवळ, तर मोहोळ पोलिस ठाण्यात किंवा ११२ वर कळवता येतं. आरोग्य मंत्रालयाने तक्रारीसाठी व्हायोलेशन-रिपोर्टिंग डॉट इन हे पोर्टलही सुरू केलं आहे.