गाठीचे चित्र आणि काचेवरचा काप

भंडारदऱ्याच्या भातखाचरांत ज्यांनी बांध घातले आहेत, त्यांना हे सांगायला नको: मुरलेला जुना बांध पाणी धरतो, घाईने थापलेला नवा झिरपतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फोडते, त्याही अशाच कच्च्या असतात. पुढची सारी हकीकत या झिरपण्याची आहे.

गाठ कसली, हे ठरवण्याचा जुना मार्ग सूक्ष्मदर्शकाचा. १९४१ साली मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी वाहिली. गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा, पेशी निरखायच्या. निकाल तिथेच लागे.

१९७१ साली अमेरिकेत रेमंड डमॅडियन यांनी उंदरांच्या गाठी तपासून दाखवले की, चुंबकाच्या प्रभावाखाली रोगट भागातले पाणी निरोगी भागाहून निराळा प्रतिसाद देते. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी अशा प्रतिसादांतून चित्र उभे केले. (२००३ चे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळाले. डमॅडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. शास्त्रज्ञ झाले तरी माणसेच!) मग १९८६ च्या सुमारास जर्मनीत सिल्व्हिया हेवांग यांनी शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन स्तनाची एमआरआय चित्रे घेतली. कच्च्या वाहिन्यांतून औषध चटकन पाझरते, गाठ उजळते आणि पुष्कळदा तितक्याच लवकर ओसरते.

आता डॉक्टर चित्र आणि काप शेजारी ठेवून ताडून पाहू लागले. कडा काटेरी असेल, तर गाठ बहुधा सावकाश वाढणारी, हार्मोनला दाद देणारी निघते. भोवती उजळ कडे आणि मध्ये काळोख दिसला, तर आतल्या पेशी मेलेल्या असतात आणि गाठ बरेचदा जहाल असते.

पण इथेच एक फसगत आहे, ती ध्यानात घ्या. हार्मोनच्या औषधांना न जुमानणारी एक दांडगी जात चित्रात कित्येकदा गोल, गुळगुळीत, अगदी निरुपद्रवी गाठीसारखी दिसते. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे तिचे प्रमाण अधिक आहे. तेव्हा चित्र कितीही सोज्ज्वळ दिसो, शंका असली की सुईने तुकडा काढतात आणि तो काचेवर जातो, खानोलकरांच्या काळी जात असे तसाच.